ओडेन की ड्युरंट?

एनबीए या बास्केटबॉल लीगच्या 2007 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या निवडीचा मान सोडतीत पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सना मिळाला आणि चाहत्यांत दोन तट पडले. एकाला ओहायो स्टेटचा सातफुटी सेंटर ग्रेग ओडेन हवा होता, दुसऱ्याला टेक्सास विद्यापीठाचा हुकमी नेमबाज केव्हिन ड्युरंट. उंचीचा मोह या संघाला जुनाच. 1984 मध्ये त्यांनी मायकेल जॉर्डनला सोडून उंच सेंटर सॅम बोवीला घेतले होते. अर्थात तेव्हा जॉर्डनच्या जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर हाताशी होता. 2007 मध्येही निवड उंच खेळाडूची, म्हणजे ओडेनचीच झाली. सप्टेंबरमध्ये त्याच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, पहिला अख्खा हंगाम बुडाला. पोर्टलंडकडून तो साखळीचे 82 सामने खेळला, म्हणजे जेमतेम एका हंगामाइतके. सिएटलने दुसऱ्या क्रमांकावर उचललेला ड्युरंट 2014 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.