तांब्याला कार्बनचा लगाम

स्टीलच्या पातेल्याला तांब्याचा तळ लावतात, कारण तांबे आच भराभर सगळीकडे पसरवते. इलेक्ट्रॉनिक्सच्या जगात तांब्याला मान आहे तो याच गुणामुळे. फक्त तिथे काम उलटे असते. उष्णता आत घ्यायची नसते, बाहेर काढायची असते. तांब्याची उष्णतावहनक्षमता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन आहे, तर ॲल्युमिनियमची साधारण २३७. चांदी तांब्याच्या पुढे आहे, पण थोडीच, आणि किंमत मात्र कितीतरी पट. मग सगळीकडे तांबेच का वापरत नाहीत? कारण तापल्यावर ते फार वाढते.

मुंबईतल्या थ्री-फेज लोकलचे उदाहरण घ्या. गाडीच्या मोटारींना वीज पुरवणाऱ्या यंत्रणेत आयजीबीटी हे ताकदीचे स्विच असतात. त्यांच्या सिलिकॉनच्या चिप सिरॅमिकच्या पातळ पट्टीवर बसवतात आणि ही पट्टी सोल्डरने धातूच्या तळपट्टीला जोडतात. तळपट्टीतून उष्णता बाहेर जाते. गाडी सुटली की चिप तापते, वेग घेऊन झाला की निवते, ब्रेक लागला की पुन्हा तापते. दिवसभरात असे शेकडो वेळा घडते.

आता हिशेब पाहा. १०० मिलिमीटर लांबीची तांब्याची पट्टी ८० अंशांनी तापली तर सुमारे ०.१४ मिलिमीटरने वाढते. तेवढ्याच लांबीची ॲल्युमिनियम नायट्राइड या सिरॅमिकची पट्टी वाढते जेमतेम ०.०४ मिलिमीटर. फरक केसाच्या जाडीएवढाच, पण तो सोसावा लागतो मधल्या सोल्डरला. तार पुन्हा पुन्हा वाकवली की जशी तुटते, तशी सोल्डरला कडेपासून बारीक चीर पडते. चिरेतून उष्णता नीट जात नाही, त्यामुळे चिप आणखी तापते, चीर आणखी वाढते. शेवटी चिप जळते.

यावर जुने उपाय आहेत. टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम मिसळलेले तांबे कमी वाढते, पण ते जड आणि महाग पडते. रेल्वेच्या यंत्रणांत ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन कार्बाइड यांचे संमिश्र बरेच वापरले जाते. ते हलके आहे, प्रसरणही बेताचे. मात्र त्याची उष्णतावहनक्षमता तांब्याच्या निम्म्याच्या आसपास राहते.

म्हणून संशोधकांनी तांब्यात कार्बनचे तंतू घालून पाहिले. रॅकेट आणि सायकलींतला नेहमीचा कार्बन तंतू या कामी उपयोगाचा नाही, कारण तो उष्णता फारशी वाहून नेत नाही. डांबरासारख्या पदार्थापासून काढलेला आणि अडीच हजार अंशांहून अधिक तापवलेला तंतू मात्र वेगळाच. त्याच्या उत्तम प्रकारांत लांबीच्या दिशेने उष्णता तांब्याच्या दुप्पट सहजतेने वाहते. शिवाय तो तापल्यावर लांबीत वाढण्याऐवजी किंचित आकसतो. आरसीसीमध्ये लोखंड आणि काँक्रीट यांची जोडी जमते, कारण दोघे जवळजवळ सारखेच वाढतात. इथे उलट आहे. एक वाढणारा, दुसरा आकसणारा, आणि दुसऱ्याने पहिल्याला आवरायचे.

पण आवरायचे तर आधी धरता आले पाहिजे. वितळलेले तांबे कार्बनला भिजवतच नाही. अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखे त्याचे थेंब होतात. पकड नसेल तर तंतू तांब्याला रोखू शकत नाही आणि मधल्या फटीत उष्णता अडते. म्हणून तंतूंवर आधी तांब्याचा मुलामा चढवून ते दाबाखाली तापवून एकजीव करतात. दुसरा मार्ग म्हणजे तांब्यात किंचित क्रोमियम किंवा टायटॅनियम घालणे. हे धातू कार्बनशी संयोग पावून कार्बाइडचा थर तयार करतात आणि तोच पूल ठरतो. पण थर जाड झाला, किंवा उरलेले क्रोमियम तांब्यात मुरले, की उष्णतेची वाट पुन्हा खडतर होते.

खरा पेच दिशेचा आहे. तंतू लांबीत उष्णता झपाट्याने नेतो, पण आडवा ओलांडायचा म्हटले तर जवळजवळ अडवतो. तळपट्टीचे पसरणे रोखायचे तर तंतू आडवे, पट्टीच्या पातळीत हवेत. चिपची उष्णता मात्र वरून खाली जायची असते, म्हणजे तंतू ओलांडूनच. आकारमानाने ४० टक्के तंतू असे आडवे घातले, तर वरून खाली जाणाऱ्या उष्णतेसाठी पट्टीची क्षमता साध्या हिशेबाने तांब्याच्या निम्म्याहून खाली येते. पातळीतल्या दिशेने मात्र ती बरीच चांगली राहते, म्हणजे एका जागची उष्णता बाजूला पसरवण्यास हे संमिश्र उपयोगी आहे.

हिऱ्याची भुकटी मिसळलेल्या तांब्यात दिशेचा हा पेच नाही, पण ते कापणे आणि घासणे जिकिरीचे. कार्बन तंतूंच्या तांब्याला नेहमीची कापण्याची हत्यारे चालतात आणि ते तांब्याहून सुमारे ३० टक्के हलकेही असते.

सिलिकॉन कार्बाइडच्या नव्या चिप जुन्यांपेक्षा लहान आहेत. तेवढ्याच कामासाठी उष्णता बाहेर काढायला जागा कमी मिळते. त्यामुळे तळपट्टी निवडताना नुसती उष्णता किती वाहते हे पाहून भागत नाही. ती कोणत्या दिशेने वाहते आणि हजारो वेळा तापून-निवून जोड टिकतो का, हेही पाहावे लागते.