सडलेलं वांगं आणि मुलीचा प्रोजेक्ट

बचत गटाच्या बैठकीत बसलं की एक तक्रार हमखास कानावर येते. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पण वही-पुस्तक सोडून बाटल्यांत माती आणि गटाराचं पाणी भरून नेते. हा कसला अभ्यास? त्यातून घरात लग्नाची बोलणी चालू असली की 'प्रोजेक्ट संपू द्या' हे तिचं म्हणणं कुणाला पटत नाही. म्हणून आज त्या बाटल्यांविषयी बोलू.

जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षांत मुली जे प्रयोग करतात, त्यांचं उत्तर बाईंना आधीच ठाऊक असतं. शेवटी शेवटी, आणि आता नव्या चार वर्षांच्या पदवीत चौथ्या वर्षी, ज्याचं उत्तर कुणालाच माहीत नाही असा प्रश्न हाती घेता येतो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुली अशा वेळी पुष्कळदा फाज शोधतात.

फाज म्हणजे जंतूंना मारणारा विषाणू. आपल्या पिकाला कीड लागते आणि त्या किडीला खाणारे मित्रकीटकही शेतातच असतात, तसंच हे. फाज माणसाच्या पेशींच्या वाटेला जात नाही. त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. एका जंतूचा फाज दुसऱ्या जंतूला सहसा शिवत नाही.

तो शोधायचा कसा? माती पाण्यात घोळवतात आणि ते पाणी इतक्या बारीक गाळणीतून काढतात की जंतू वर अडकतात, फाज मात्र खाली उतरतो. मग ताटलीत खरवसासारखा थर जमवून त्यावर जंतू आणि हे गाळलेलं पाणी सोडतात. दुसऱ्या दिवशी जंतूंची साय धरलेली असते. पाण्यात फाज असला तर त्या सायीला टाचणीनं टोचल्यासारखी गोल भोकं दिसतात. त्यातलं एक भोक उचलायचं आणि पुन्हा तेच करायचं, एकाच जातीचा फाज हाती लागेपर्यंत. यात आठवडेच्या आठवडे जातात. कधी ताटली कोरी निघते आणि नवी माती आणावी लागते. मुलगी सुट्टीतही कॉलेजला का पळते, ते आता कळलं असेल.

२०१० साली दक्षिण आफ्रिकेत डरबानला एका विद्यार्थिनीनं खताच्या ढिगाऱ्यातलं सडलेलं वांगं उचललं. त्याच्या बुडाशी लागलेल्या घाणीतून तिला एक फाज मिळाला. शोधणाऱ्यानं नाव द्यायचं अशी रीत आहे. तिनं नाव ठेवलं 'मडी', म्हणजे चिखलाळ. तो अमेरिकेत पिट्सबर्गला ग्रॅहम हॅटफुल या प्राध्यापकांच्या संग्रहात गेला. तिथे विद्यार्थ्यांनी शोधलेले असे हजारो फाज शीतपेटीत ठेवलेले आहेत.

पुढे लंडनमध्ये पंधरा वर्षांची एक मुलगी फार आजारी पडली. जन्मजात आजारामुळे तिची दोन्ही फुप्फुसं बदलावी लागली होती. त्यानंतर क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद जंतू तिच्या अंगात पसरला. जखम भरेना, यकृतापर्यंत लागण गेली, औषधं चालेनात. डॉक्टरांनी हॅटफुल यांना विचारलं. त्यांनी संग्रह धुंडाळून तीन फाज निवडले. दोघांत थोडा बदल करावा लागला, मडी मात्र जसाच्या तसा उपयोगी पडला. २०१८ मध्ये तिला ते दिवसातून दोनदा शिरेतून देऊ लागले. हळूहळू जखम भरत आली, यकृत सुधारलं, मुलगी घरी गेली. जंतू पुरता गेला नाही, हेही सांगायला हवं. वांगं उचलणाऱ्या मुलीला तेव्हा यातलं काय ठाऊक असणार!

आपल्याकडेही ही गोष्ट जुनी आहे. १८९६ मध्ये हॅनकिन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञांना गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरताना दिसले. पाणी उकळलं की तो गुण जाई. पुढे १९१७ मध्ये फेलिक्स द'हेरेल यांनी फाजला नाव दिलं, आणि हॅनकिन यांना दिसला तो फाजच असावा असं पुष्कळजण मानतात. (म्हणून नदीचं पाणी न उकळता पिऊ नका हं!) आणि क्षयावर फाजचं औषध आपल्या दवाखान्यात मिळत नाही. क्षयाच्या गोळ्या ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्यायच्याच. अर्ध्यात सोडल्या की जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

आमचं मत विचाराल तर लग्नाची तारीख प्रोजेक्ट जमा झाल्यावरची धरावी. ताटलीतले जंतू कुणासाठी थांबत नाहीत, आणि अर्धवट राहिलेलं काम पुढच्या वर्षी पहिल्यापासून करावं लागतं.

बाटल्यांचं मात्र एक बघा. सांडपाण्यात काविळीचे, हगवणीचे जंतू असू शकतात. बाटली स्वयंपाकघरात किंवा फ्रिजमध्ये ठेवू देऊ नका, हात साबणानं धुवायला लावा. आणि बाटलीवर जागा आणि तारीख लिहिलेली चिकटपट्टी असते, ती आवराआवर करताना काढू नका. ती गेली की माती कुठली ते मुलीलाही सांगता येत नाही.