हिशेब गुन्ह्याचा : न्याय, सूड आणि परिवर्तन

गुन्ह्याच्या कथा आपण का वाचतो? करमणुकीसाठी, हे उत्तर खोटे नाही. पण ते अपुरे आहे. प्रत्यक्ष जगात खटला वर्षानुवर्षे चालतो, साक्षीदार फिरतात, फिर्यादी थकतो. कथेत मात्र शेवटच्या पानावर हिशेब मिटतो. जमा आणि नावे या दोन्ही बाजू जुळलेल्या पाहण्यात काय समाधान असते, हे व्यापारी घरांना सांगायला नको. बँकेच्या खतावण्या तपासण्यात उमेद घालवलेल्या माझ्यासारख्यालाही ते ठाऊक आहे. प्रश्न एवढाच की, गुन्ह्याचा हिशेब नेमका कशाने जुळतो : शिक्षेने, सूडाने, की गुन्हेगाराच्या परिवर्तनाने?

दंड देणारा नायक

मराठीत या प्रकाराला घरोघरी पोहोचवले ते बाबुराव अर्नाळकर यांनी. त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६). मुंबईत चष्म्याचे दुकान चालवणाऱ्या या लेखकाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. वाचनालयांत त्यांच्या पुस्तकांसाठी वाचक ताटकळत असत. समीक्षकांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही, तरी मराठी माणसाला वाचनाची गोडी लावण्याचे त्यांचे ऋण मान्य करावेच लागेल.

त्यांच्या नायकांकडे पाहिले तर एक गंमत दिसते. धनंजय गुन्ह्याचा छडा लावतो. काळापहाड मात्र कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुर्जनांना धडा शिकवतो. वाचक दोघांवर सारखेच प्रेम करतो. कायद्यावर आपली श्रद्धा असते आणि तो वेळेवर पोहोचेल याची खात्री नसते. या दोन्ही भावना एकाच मनात नांदत असल्यामुळे त्याला दोन्ही नायक हवेसे वाटतात.

वैराचे चक्रवाढ व्याज

परंतु स्वतःच्या हाताने केलेला न्याय कोठे थांबतो? या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला आहे. आठव्या शतकात आचार्य हरिभद्रांनी महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत, ‘समराइच्चकहा’ रचली. राजपुत्र गुणसेन कुरूप अग्निशर्म्याची थट्टा करतो. अग्निशर्मा तापस होतो आणि महिना-महिना उपवास करतो. पुढे राजा झालेला गुणसेन त्याला आदराने पारण्याचे निमंत्रण देतो. मात्र तीनही वेळा राजवाड्यातील काही ना काही अडचणीमुळे तपस्वी उपाशीच परततो. हा योगायोग आहे, यावर त्याचा विश्वास बसत नाही. जन्मोजन्मी याचा घात करीन, असे तो ठरवतो आणि हे वैर नऊ भव चालते.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे चक्रवाढ व्याज आहे. मूळ रक्कम होती पोरवयातील एक थट्टा. व्याज मात्र नऊ जन्म फिटले नाही. या कथेत मारला जाणारा क्रमाक्रमाने वर चढतो आणि मारणारा खाली उतरत जातो. सूड घेणाऱ्याचा अपमान खराच होता, हेही हरिभद्र लपवत नाहीत. म्हणूनच ही कथा नुसता उपदेश वाटत नाही.

माणदेशातील प्रयोग

तिसऱ्या वाटेची कथा आपल्या यवतमाळशी दुरून का होईना जोडलेली आहे. १९७३ साली येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. गीतकार गदिमा सर्वांना परिचित आहेत, पण व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटाची कथा त्यांच्याच लेखणीतून उतरली, हे अनेकांच्या लक्षात नसते. चित्रपट हिंदी, परंतु त्याची माती माणदेशाची आहे.

औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची ती कल्पना होती आणि राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तिला आश्रय दिला. तेथे उंच भिंती नव्हत्या. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा भोगणारी माणसे शेती करून राहत. गदिमांचे माडगूळ हे गाव आटपाडीच्याच परिसरातले. स्वतंत्रपूर आजही आहे आणि तेथे कैदी कुटुंबासह राहतात.

चित्रपटातील जेलर आदिनाथ सहा खुन्यांना स्वतःच्या जबाबदारीवर ओसाड माळावर नेतो. ते पळून जाऊ पाहतात, पण त्याच्या दोन डोळ्यांचा विश्वास त्यांना परत आणतो. या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वलाचा सन्मानही लाभला.

बाजारातील कसोटी

आपल्या वाचकांनी त्यातील बाजाराचा प्रसंग मुद्दाम पाहावा. कैदी स्वतः पिकवलेला भाजीपाला वाजवी भावाने विकू लागतात. चढ्या भावाने विकणाऱ्या व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक तुटते आणि तो त्यांच्यावर माणसे घालतो. हात न उचलण्याचा शब्द दिलेले कैदी मुकाट्याने मार खातात. ज्यांच्या हातून खून झाले ते त्या क्षणी अहिंसक ठरतात. ज्याच्यावर कोणताही खटला नाही, तो प्रतिष्ठित माणूस हिंसक ठरतो. हा प्रसंग आपल्या पेढीच्या दारापर्यंत येतो, म्हणून तो अस्वस्थ करतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्याच्या घरातला माणूस मारला गेला, त्याला क्षमेचा उपदेश करण्याचा अधिकार तिऱ्हाइताला नाही. शिक्षा झालीच पाहिजे. प्रश्न आहे तो शिक्षा संपल्यानंतरचा.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मोर्शीला खुले कारागृह आहे. अशा ठिकाणाहून सुटलेला माणूस कधीतरी यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा येथल्या एखाद्या अडत दुकानाच्या किंवा जिनिंगच्या दाराशी काम मागत उभा राहणार. कर्ज मागणाऱ्याच्या बाबतीत बँक तारण पाहते आणि जामीनदार पाहते. या माणसाजवळ दोन्ही नसतात. कायद्याने त्याचे खाते बंद केलेले असते. समाजाच्या वहीत मात्र त्याची बाकी कायम दिसते.

त्याला पहिल्याच दिवशी गल्ल्यावर बसवावे, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. बँकही नव्या ऋणकोला आधी लहान रक्कम देते, हप्ते वेळेवर येतात का ते पाहते आणि मगच मर्यादा वाढवते. हाच व्यवहार माणसाच्या बाबतीतही करता येतो. आधी देखरेखीखाली हमालीचे किंवा गोदामातले काम द्यावे, वर्ष-सहा महिने वर्तणूक पाहावी आणि मग विश्वासाचे पुढचे काम सोपवावे. यात दया कमी आणि सावध व्यवहारच अधिक आहे.

आपल्या वाडवडिलांनी पतीवर धंदा केला. पत म्हणजे मागचे पाहून पुढच्यासाठी दिलेला विश्वास. ज्याचे मागचे काळे आहे, त्याला थोडीशी पत देण्यासाठी मात्र आदिनाथासारखा कोणीतरी पहिला जामीनदार व्हावा लागतो. आपल्या गावात तो कोण होणार, याचा विचार समाजाच्या पुढल्या बैठकीत व्हावा, एवढीच विनंती.