दंडातली बेटकुळी

पाच-सहा वर्षांच्या कुठल्याही मुलाला म्हणा, "ताकद दाखव बघू!" ते बाही वर सारतं, मूठ आवळतं, कोपर वाकवतं आणि काडीसारख्या दंडावर उठलेला लिंबाएवढा उंचवटा ऐटीत पुढे करतं. या उंचवट्याला आपण बेटकुळी म्हणतो. कुठे बेडकुळी, कुठे नुसती बेडकी. कातडीखाली बेडूक दबा धरून बसलाय, असं कुणाला तरी कधीतरी वाटलं असणार. रोमच्या लोकांना त्याच जागी उंदीर दिसला. लॅटिनमधला 'मुस' म्हणजे उंदीर, आपल्या मूषकाचा दूरचा भाऊबंद. त्याचं लहानखुरं रूप 'मुस्कुलुस', आणि त्यावरून इंग्रजीतला 'मसल'.

उंदीर की बेडूक, या वादात मी आपल्या पूर्वजांच्या बाजूचा आहे. स्नायू आखडतो म्हणजे नेमकं काय होतं, हे कोडं माणसाला बऱ्याच अंशी बेडकांनीच सोडवून दिलं.

आधी कोडं हातानेच चाचपून पाहू. उजवा तळहात टेबलाखाली लावून टेबल उचलायचा प्रयत्न करा आणि डाव्या हाताने दंड दाबून पाहा. पुढची बाजू कडक, मागची सैल. आता तोच तळहात टेबलावर ठेवून खाली रेटा. पुढची बाजू सैल पडते आणि मागची कडक होते. हाताला ढकलता येतं, पण स्नायूला येत नाही; त्याला फक्त ओढता येतं. मोटेचे बैल जसे उतारावर पुढे जाताना मोट ओढून वर आणतात, पण तिला खाली ढकलू शकत नाहीत, तसंच. म्हणून शरीरात जोड्या आहेत. एकाने ओढलं की दुसऱ्याने ढिलं सोडायचं, मग दुसऱ्याने ओढायचं.

हाडांना जोडलेले असे स्नायू आपल्या अंगात सहाशेच्या वर आहेत आणि शरीराच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग त्यांचाच असतो. सुश्रुतसंहितेत ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजले आहेत. तिथल्या 'पेशी' म्हणजे आपले आजचे स्नायू, आणि 'स्नायू' म्हणजे सांधे बांधून ठेवणारे दोर. हिंदीने मांसपेशी हा शब्द जपला. मराठीत मात्र शब्दांनी घरं बदलली.

आता ५ किलो तांदळाची पिशवी हातात घेऊन कोपर काटकोनात धरा. पिशवी कोपरापासून ३५ सेंटिमीटरवर आहे. दंडातल्या पुढच्या स्नायूची कंडरा, म्हणजे हाडाला बांधणारी त्याची दोरी, कोपरापासून जेमतेम ४-५ सेंटिमीटरवर जोडलेली आहे. तरफेच्या हिशेबाने स्नायूला वजनाच्या सात-आठ पट, म्हणजे ३५ ते ४० किलोंचा जोर लावावा लागतो. सौदा तोट्याचा वाटतो. पण स्नायू एक सेंटिमीटर आखडला की हात सात-आठ सेंटिमीटर उचलला जातो. जोर खर्चून शरीराने वेग विकत घेतला आहे. गोफण फिरते, तबल्यावर बोटं नाचतात ती या सौद्याच्या बळावर.

मग हा आखडणारा मांसाचा तुकडा आखडतो कसा? बेटकुळी फुगते, तेव्हा तिच्यात काहीतरी भरलं जात असणार, हे कुणालाही पटेल. युरोपातल्या वैद्यांनी कित्येक शतकं तेच मानलं: मज्जातंतूंच्या पोकळ नळ्यांतून एक सूक्ष्म चैतन्यद्रव्य येतं आणि स्नायू पखालीसारखा फुगतो. सतराव्या शतकात यान स्वामरडाम या डच वैद्याने एक साधी युक्ती केली. बेडकाचा स्नायू एका काचेच्या नळीत बंद केला. नळीच्या निमुळत्या टोकात पाण्याचा एक थेंब ठेवला. आत काही भरलं जात असेल, तर थेंब वर सरकायला हवा. मज्जातंतू ओढताच स्नायू आखडला. थेंब वर सरकला नाही. स्नायू आखूड झाला तेवढाच जाड झाला. त्यात बाहेरून काहीच आलं नव्हतं. एका थेंबाने दीड हजार वर्षांची समजूत पुसली. पण हा प्रयोग छापून आला तो स्वामरडाम वारल्यावर पन्नासहून अधिक वर्षांनी.

दुसरा बेडूक इटलीतल्या बोलोन्याचा. तिथे लुइजी गॅल्व्हानीच्या प्रयोगशाळेत मेलेल्या बेडकाची तंगडी विजेच्या स्पर्शाने उडाली. १७९१ मध्ये त्याने ते जगापुढे मांडलं. वीज जीवाच्या अंगातलीच आहे, असं त्याचं म्हणणं. व्होल्टा नावाचा शास्त्रज्ञ म्हणाला, छे, ती दोन धातूंच्या जोडीतून येते. या भांडणातून व्होल्टाने १८०० साली विजेची पहिली बॅटरी बनवली. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. स्नायूला हुकूम येतो तो विजेच्या लहरीवर स्वार होऊनच.

तिसऱ्या बेडकाशी तर आपली गाठ दवाखान्यात पडते. लंडनचा डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून धडधडतं ठेवत असे. १८८२ मध्ये त्याने ते प्रसिद्धही केलं. नंतर कळलं की मिश्रणासाठी शुद्ध पाणी न वापरता नळाचंच पाणी वापरलं गेलं होतं. ऊर्ध्वपातित पाणी घेऊन पाहिलं, तर हृदय थोड्याच वेळात मंदावलं आणि थांबलं. लंडनच्या पाण्यात असं काय होतं? कॅल्शियम. चिमूटभर कॅल्शियम घालताच ठोके परतले. आजाऱ्याच्या उशाशी टांगलेल्या सलाइनच्या बाटलीवर 'आर. एल.' लिहिलेलं असतं, त्यातला 'आर' हाच रिंगर. हाडं मजबूत करणारं म्हणून आपण ओळखतो ते कॅल्शियम स्नायूच्या आत निरोप्याचं काम करतं. विजेची लहर आली की तंतूच्या आतल्या कोठारांतून ते सुटतं, आणि त्याच्या येण्याने आखडण्याला परवानगी मिळते.

आणि आखडणं म्हणजे तरी काय? स्नायू म्हणजे तंतूंची जुडी. प्रत्येक तंतूत आणखी बारीक तंतू, आणि त्यांत एकाला एक जोडलेल्या सूक्ष्म कड्यांची साखळी. एका कडीची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, म्हणजे मायक्रॉनच्या, दोन-अडीच पट. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे गडद आणि फिके पट्टे आळीपाळीने दिसतात. केंब्रिजमध्ये अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के बेडकाचा जिवंत तंतू आखडताना पाहत होते. अमेरिकेतल्या दुसऱ्या केंब्रिजमध्ये ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन सशाच्या स्नायूवर काम करत होते. दोन्ही हक्सली एकमेकांचे कुणी नव्हेत. २२ मे १९५४ च्या 'नेचर'च्या अंकात दोन्ही जोड्यांचे लेख एकामागोमाग छापून आले, आणि निष्कर्ष एकच होता: स्नायू आखडतो तेव्हा गडद पट्टा तसूभरही लहान होत नाही, फक्त फिका अरुंद होतो. स्नायू आखूड होतो, पण त्याच्या आतलं काहीच आखूड होत नाही!

दोन्ही हातांची बोटं समोरासमोर धरून एकमेकांत सरकवा. बोटं तेवढीच राहतात, मनगटं जवळ येतात. स्नायूत असंच घडतं. जाड तंतू मायोसिनचे, बारीक ॲक्टिनचे. मायोसिनला शेकडो इवले हात असतात. विहिरीतून पोहरा शेंदताना आपण दोर धरतो, ओढतो, सोडतो, पुढे धरतो. ते हातही ॲक्टिनचा दोर तसाच शेंदतात. एक कडी जेमतेम अर्ध्या मायक्रॉनने आखडते. पण दहा सेंटिमीटरच्या तंतूत अशा चाळीसेक हजार कड्या एकापुढे एक असतात, म्हणून तंतू दोन सेंटिमीटर आखडतो आणि चहाचा कप ओठांशी येतो.

खरा धक्का पुढे आहे. या हातांना शक्ती पुरवतो एटीपी नावाचा रेणू. धरायला आणि ओढायला ती लागत असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात धरलेला हात सुटण्यासाठी एटीपीचा नवा रेणू यावा लागतो, आणि पुढच्या खेचेसाठी तोच त्या हाताला पुन्हा ताणून सज्ज करतो. रेणू आला नाही, तर हात धरलेला तसाच राहतो. माणूस गेल्यावर काही तासांत अंग ताठरतं, कारण एटीपी संपतो आणि अब्जावधी हात दोराला धरून अडकून पडतात. दिवस-दोन दिवसांत प्रथिनंच विघटू लागतात, तेव्हा कुठे ती पकड ढिली होते. सैल अंग हे जिवंतपणाचं लक्षण आहे, आणि त्यासाठी क्षणाक्षणाला किंमत मोजावी लागते.

या हातांचा पुरावा सिंहगड पहिल्यांदाच चढून-उतरून आलेल्या माणसाकडे मिळेल. चढताना धाप लागते, घाम येतो. उतरताना गप्पा मारत येतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरतो, आणि दोष देतो चढाला. मांड्या भरून आल्या त्या उतारामुळे. उतरताना मांडीच्या पुढचा स्नायू शरीराचं वजन तोलून धरत असतो आणि त्याच वेळी ताणला जात असतो. हात दोर सोडत नाहीत आणि दोर हिसकला जातो. त्यात बारीक बारीक इजा होतात, त्यांचं दुखणं दीड-दोन दिवसांनी भरात येतं. लॅक्टिक ॲसिडला लोक उगाच बोल लावतात; ते तासाभरात ओसरलेलं असतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गडावर जा, दुखणं कमी असेल. स्नायू दुरुस्त होताना धडाही घेतो.

हे सगळे स्नायू आपल्या हुकमाचे ताबेदार. हुकमाबाहेरची मंडळी वेगळीच: दिवसाला लाखभर ठोके देणारं हृदय, जेवण पुढे सारणारी आतडी, आणि केसाच्या मुळाशी असलेला तो चिमुकला स्नायू, ज्याच्या ओढीने अंगावर काटा येतो. यंत्रणा थोडीफार वेगळी, पण दोर तेच आणि शेंदणारे हातही तेच.

हल्ली मी मुलांना बेटकुळी काढून दाखवायला सांगतो, आणि मग म्हणतो, "आता घालवून दाखव." ती माझ्याकडे बघतच राहतात, यात काय करून दाखवायचं? मूठ उघडतात, हात खाली सोडतात, बेटकुळी डुबकी मारून नाहीशी होते. तेवढ्या वेळात कॅल्शियम उपसून कोठारात परत भरलेलं असतं, आणि मोजता येणार नाहीत इतके हात एकेक करून सुटलेले असतात. मुलं तोवर दुसऱ्या खेळाकडे पळालेली असतात.