हात लावण्याआधी

नागपूरच्या गांधीबागेत कापड घ्यायला येणाऱ्या बायकांपैकी काही जणी खरेदी झाली की थेट घरी जात नाहीत. ठोक बाजाराच्या गल्लीतून पिशव्या सांभाळत त्या आमच्या दवाखान्याचा जिना चढतात. सोबत तेरा-चौदा वर्षांची मुलगी असते. घरी सांगितलेलं असतं, ‘ब्लाऊजपीस पाहून येते.’ सासूला तेच, नवऱ्याला तेच, आणि पुष्कळदा त्या मुलीलाही तेच. पाटी वाचल्यावर तिला कळतं की आपल्याला कुठं आणलंय. गांधीबागेतच डागा स्त्री रुग्णालय आहे आणि आमच्याकडे डागा म्हणजे बाळंतपण. त्या फाटकाजवळ लग्न न झालेली पोरगी कुणाला दिसली तर संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात चार कहाण्या तयार होतात. कापडाची पिशवी हाच आमच्या या पेशंटचा गेटपास. बाजार बंद असतो त्या दिवशी बायका येतात, मुली येत नाहीत. निमित्तच नसतं.

डॉक्टर म्हणून मी सगळ्यात जास्त डोकं चालवलं असेल ते खुर्च्यांवर. आधी दोन खुर्च्या टेबलासमोर शेजारी शेजारी होत्या. मी मुलीला विचारायची, “नाव काय तुझं?” आई सांगायची. “कितवीत आहेस?” आई. “पाळी कधी आली होती?” आई, तारखेसकट. मुलगी पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसलेली. मग एक खुर्ची माझ्या बाजूला, टेबलाच्या कोपऱ्याशी घेतली, दुसरी मागं भिंतीला लावली. मुलगी माझ्याजवळ, आई तिच्या पाठीमागं. आईचा चेहरा दिसेनासा झाला की पोरी बोलायला लागतात. हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं.

दुसरी युक्ती आमच्या मावशींची. आईला ‘बाहेर बसा’ म्हटलं की ती बिथरते. आपल्यापासून काय लपवून राहिले, असं तिला वाटतं. मावशी दारातूनच म्हणतात, “ताई, तुमचा बीपी घेऊन टाकू, चला.” बीपी बाहेरच्या खोलीत मोजतात, आणि मावशी तो फार सावकाश मोजतात. तेवढ्यात मला पाच-सात मिनिटं मिळतात. गंमत अशी की या नाटकात काही आयांचा बीपी खरंच वाढलेला निघाला आणि औषधं सुरू करावी लागली.

त्या पाच मिनिटांत मी पहिलं वाक्य ठरलेलं बोलते: “तू सांगशील ते मी पोटात ठेवीन. पण कुणी तुला त्रास दिला असेल, किंवा दिवस गेले असतील, तर कायद्यानं मला गप्प बसता येत नाही.” काही डॉक्टर हे आधी ऐकून घेतात आणि मग सांगतात. मला तो दगा वाटतो. २०१२च्या पोक्सो कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलीबाबत हे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि गर्भपातासाठी पालकाची संमती लागते. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२मध्ये एक वाट मोकळी केली. संमतीच्या संबंधातून दिवस गेलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिनं आणि पालकानं विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरनं तिचं नाव-गाव उघड करायची गरज नाही. ही वाट फार थोड्या घरांना माहीत आहे.

आता तपासणीचं. बायकांच्या डॉक्टरकडे गेलं की ‘आतून तपासतात’ ही धास्ती मुलीला मैत्रिणींकडून मिळालेली असते. खरं सांगायचं तर या वयात आतून तपासायची वेळ क्वचित येते. बोलणं, वजन-उंची, पोटावरून हात, रक्ताची चाचणी आणि पाणी पिऊन पोटावरूनच केलेली सोनोग्राफी यांतच बहुतेकींचं निदान होतं. बाहेरून नुसतं पाहायचं असलं तरी मी आधी विचारते. मुलगी नाही म्हणाली तर त्या दिवशी नाही. पुढच्या खेपेला यातल्या बहुतेक जणी स्वतःहून म्हणतात, “पाहा मॅडम.”

कधी कधी एक नजर पुरते. पंधरा वर्षांची एक मुलगी आली होती. महिन्या-महिन्यानं पोटात कळा यायच्या. जंताचं औषध झालं, अ‍ॅपेंडिक्सची शंका झाली, ‘परीक्षा आली की हिचं पोट दुखते’ हेही झालं. त्या दिवशी लघवी अडली म्हणून धावत आणली. “मॅडम, पोट्टी मोठी झाली, पण पाळीचा पत्ता नाही,” आई म्हणाली, तेही जाता जाता. खरं निदान त्या वाक्यातच होतं. बोटसुद्धा न लावता बाहेरून पाहिलं. योनिमुखाचा पडदा पूर्ण बंद, निळसर, फुगलेला. पाळी दर महिन्याला येत होती, तिला बाहेर पडायला वाट नव्हती. साठलेल्या रक्तानं लघवीची नळी दाबली गेली होती. भूल देऊन छोटासा छेद दिला, आणि मुलगी दुसऱ्या दिवशी आलू-पोहे मागत होती.

किस्सा इथं संपत नाही. आईनं मला गाठून हळू आवाजात विचारलं, “मॅडम, पडदा कापला. उद्या लग्नात कुणी काही म्हटलं तर?” तिला कागद हवा होता. मी लिहून दिला, शिक्क्यासह. असा कागद मागावा लागतो याचा राग आला. पण तो त्या बाईवर काढण्यात काय अर्थ होता?

हीच मागणी उलट्या बाजूनंही येते. सोयरीक जुळायच्या आधी एखादी आई म्हणते, “एकदा पाहून घ्या ना जी, पोरगी नीट आहे ना.” त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे: पाहून काही कळत नाही, आणि कळलं असतं तरी मी पाहिलं नसतं. पडद्याचा आकार मुलीगणिक वेगळा असतो. त्यावरून संबंध आले की नाही हे जगातला कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८मध्ये अशा चाचण्या जगभर बंद व्हाव्यात असं म्हटलं. आमच्या विदर्भाला मात्र हा धडा आधीच, आणि फार महाग पडून मिळालेला होता.

कायद्याच्या पुस्तकांत पोलीस ठाण्यातल्या बलात्काराचा मथुरा खटला म्हणून आहे, तो इथलाच. २६ मार्च १९७२ची रात्र, देसाईगंज पोलीस ठाणे, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. मुलगी आदिवासी, वैद्यकीय अंदाजानं वय १४ ते १६. तिच्या तपासणीच्या अहवालात योनिमार्गात दोन बोटं सहज जातात अशी नोंद होती. त्या नोंदीचं पुढं काय झालं ते पाहा. सत्र न्यायालयानं मुलीला संबंधांची सवय आहे असं म्हणत पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयानं १९७८मध्ये पुन्हा सोडलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. बोटं मात्र तिथंच राहिली. आम्ही शिकलो तेव्हाही ती न्यायवैद्यकाच्या पुस्तकात होती, आणि तोंडी परीक्षेत विचारली जायची.

ती हलवायला सुरुवात झाली तीही याच भागातून. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्कारपीडितांची तपासणी किती वाईट पद्धतीनं होते यावर मोठा अहवाल लिहिला. त्याच्या आधारे डॉ. रंजना पारधी यांनी २०१०मध्ये नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही दोन बोटांची चाचणी मुलीच्या खासगीपणावर आणि प्रतिष्ठेवर घाला असल्याचं म्हटलं, २०१४मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या, आणि ऑक्टोबर २०२२मध्ये न्यायालयानं बजावलं की जो ही चाचणी करील तो गैरवर्तनाचा दोषी. देसाईगंजपासून इथवर पन्नास वर्षं गेली. नव्या मुली शिकायला आल्या की मी त्यांना आधी हा खटला सांगते, मग हातमोजे कुठं ठेवलेत ते.

लहान मुलींचे किस्से मोठ्यांच्या भीतीचे असतात. पाच वर्षांची मुलगी रात्री रडत उठते, खाली खाजवते. आईच्या मनात नको ते येतं, शेजारच्या कुणाकडे तरी बोट जातं. अशा वेळी भीती खोटी ठरवायची घाई करायची नाही आणि खरी मानायचीही नाही. मुलीला टेबलावर एकटी झोपवायची नाही. आईच्याच मांडीवर, पाय बेडकासारखे दुमडून, दिवा लावून बाहेरून पाहायचं. पुष्कळदा निघतात बारीक पांढरे जंत. रात्री ते बाहेर येतात, म्हणून रात्रीच खाज. घरातल्या सगळ्यांना गोळी, दोन आठवड्यांनी पुन्हा. किंवा निघतं आंघोळीच्या पाण्यात रोज टाकलेलं जंतुनाशक: “स्वच्छता ठेवतो ना मॅडम आम्ही!”

महालक्ष्म्यांच्या आधी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्यांची झुंबड उडते. ती मोठ्या बायकांचीच. एकदा एका मुलीनं स्वतःहून गोळी मागितली. आई खूश झाली. पोरीला कबड्डीच्या सामन्यासाठी हवी होती.

आणि आयांच्या तोंडचं एक वाक्य मी कधीच सोडून देत नाही. मुलीचे कपडे खराब होतात, दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, हिमोग्लोबिन सातवर आलेलं, आणि आई निवांत सांगते, “आमच्यात सगळ्यांनाच जास्त जाते जी. माझ्या बहिणीची तर पस्तिशीतच पिशवी काढली.” हे ऐकलं की पेन थांबतं. सगळ्याच घरात जास्त जात असेल तर दोष पिशवीत नसून रक्तात असू शकतो. त्या मुलीला वॉन विलेब्रँड निघाला. रक्त गोठवणारा एक घटक कमी पडण्याचा हा आजार आईकडून किंवा वडिलांकडून येतो. प्लेटलेट नेहमीएवढ्याच दिसतात, त्यामुळे साध्या तपासणीत तो हुकतो. पाळीच्या दिवसांपुरत्या गोळ्या आणि लोह, एवढ्यावर मुलगी शाळेत परत गेली. नंतर आईचीही चाचणी केली, तीही तशीच निघाली. अख्खं आयुष्य तिनं हे बायकांच्या नशिबात घातलं होतं.

पहिली दोन-तीन वर्षं पाळी मागंपुढं झाली तर घाबरू नका. पंधरा पूर्ण होऊनही आली नाही, तेराव्यापर्यंत छातीची वाढच सुरू झाली नाही, पाळीशिवाय महिन्या-महिन्यानं पोट दुखतंय, सात दिवसांच्या वर रक्त जातंय, तर मात्र दाखवा. पैशाची अडचण असेल तर राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातली ‘मैत्री’ क्लिनिकं सरकारी रुग्णालयांत आहेत. १० ते १९ वर्षांच्या मुला-मुलींसाठी ती मोफत आहेत. येताना तारखांची वही मुलीच्या हाती द्या, आणि डॉक्टरनं तिला काही विचारलं तर उत्तर तिलाच देऊ द्या.