शेवटची लघवी कधी झाली?

जालन्यासारख्या दुष्काळी जिल्ह्यात उन्हाळ्यात विहिरी आटतात, टँकर येतात आणि लेकरांना हगवण लागते. 'पोटाला आराम द्या, पाणी तोडा' हा जुना सल्ला तेव्हा घातक ठरतो. अंगातले पाणी व क्षार घटले की मूत्रपिंडांना रक्त पुरत नाही. दुखणे आतड्याचे, मार मूत्रपिंडांना. म्हणून जाणती परिचारिका आईला आधी विचारते, "शेवटची लघवी कधी झाली?" सहा तास झाली नसेल, तर लगेच दवाखाना गाठावा.

यावरचा उतारा जलसंजीवनी. १९७१ साली पश्चिम बंगालच्या सीमेवर, बनगावला निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. ग्लुकोज आतड्यातून रक्तात जाताना सोडियम सोबत नेते. पाणी मागोमाग जाते.

पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावी. कमी पाण्यात कालवल्यास मीठ वाढून अपाय होतो. उलटी झाली, तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे. अंगावरचे दूध तोडू नये. लंगोट पुन्हा ओला होऊ लागला, की लेकरू सावरतेय असे समजावे.