सत्तरांतील तीन स्फटिक

ग्रॅफाइटचा अपवाद सोडला तर धातू तेवढे विजेचे वाहक. लाकूड, मेण, साखर ही दुर्वाहक, असे दोन रकाने आम्ही शिक्षक असताना वर्षानुवर्षे फळ्यावर आखीत आलो. दुसऱ्या रकान्याला १९५४ सालीच जपानमध्ये तडा गेला होता, याचा आम्हांला पत्ताही नव्हता. अकामातु, इनोकुची व मात्सुनागा यांनी पेरिलीन या सेंद्रिय पदार्थाशी ब्रोमिनाचा संयोग घडविला आणि त्यातून वीज वाहू लागली. पदार्थ मात्र टिकाऊ नव्हता.

खरी खळबळ उडाली ती १९७३ साली. टीटीएफ हा चपटा रेणू इलेक्ट्रॉन देण्यास उत्सुक, टीसीएनक्यू घेण्यास. त्यांच्या स्फटिकात देणाऱ्यांची चळत वेगळी, घेणाऱ्यांची वेगळी. ताटांवर ताटे रचावीत तशी. दर रेणूमागे सरासरी ०.६ इलेक्ट्रॉनच इकडून तिकडे जातो आणि ही अपुरी देवघेव हेच वहनाचे मर्म होय. व्यवहार पुरा झाला असता तर इलेक्ट्रॉन आपापल्या रेणूवर जखडले गेले असते. वीज धावते ती चळतीच्या दिशेने. आडवी फारच थोडी.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे ७० स्फटिक तपासले. त्यांपैकी ३ स्फटिकांत, उणे २१५ अंश सेल्सिअसच्या आसपास, वाहकता अचाट वाढलेली दिसली. सेंद्रिय पदार्थांत खोलीच्या तापमानालाही वीज विनाअडथळा वाहू शकेल, असे स्टॅनफर्डचे विल्यम लिट्ल यांनी १९६४ सालीच सुचविले होते. तेव्हा या तिघांवर केवढी आशा उभी राहिली असेल! परंतु इतर प्रयोगशाळांना तो चमत्कार दिसेना. तारांची जोडणी किंचित चुकली तरी असा आभास होतो, असे पुढे आढळले. शिवाय आणखी थंड करताच चळतीतील रेणूंची समान अंतरे बिघडतात आणि हा पदार्थ चक्क रोधक बनतो.

उरलेल्या ६७ स्फटिकांची चौकशी वाचकाने करावी, एवढी सवड आम्ही वृत्तपत्रवाले त्याला देत नाही. २०२३ साली कोरियातून खोलीच्या तापमानाच्या अतिसंवाहकाची वार्ता आली, तेव्हाही हेच घडले. तो पदार्थ सेंद्रिय नव्हता, पण आमची घाई तीच. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने तो बनवून पाहिला. तो गुण त्यात नव्हता.

सेंद्रिय पदार्थांतील वाट निघाली ती निराळीच. कोपनहेगनचे क्लाउस बेकगोर यांनी गंधकाऐवजी सेलेनियम असलेले रेणू घेतले, त्यामुळे शेजारच्या चळतींतही दळणवळण सुरू झाले. त्यांच्या लवणावर फ्रान्समधील डेनी जेरोम व सहकाऱ्यांनी सुमारे १२ हजार वातावरणांचा दाब दिला आणि निरपेक्ष शून्याच्या वर ०.९ अंशावर विजेचा अडथळा नाहीसा झाला. हे त्यांनी १९८० साली प्रसिद्ध केले. आकडा क्षुल्लक वाटेल. पण हा परिणाम इतरत्रही पुन्हा दिसला आणि पुढच्याच वर्षी त्याच जातीच्या दुसऱ्या लवणात दाबाचीही गरज उरली नाही.